आधी रस्ता, मग गाडी

परदेशातून येऊन एखाद्या गावी राहायचं ठरलं की घर, सिमकार्ड आणि बँकेचं खातं यांच्या पाठोपाठ गाडीचा प्रश्न येतो. भंडारा जिल्ह्यात तर तो फारच लवकर येतो. सात तालुक्यांत विखुरलेली गावं, एसटीच्या मोजक्या फेऱ्या, आणि मधल्या वेळेत ज्याच्या दारात दुचाकी उभी आहे त्याचंच काम होतं. बाहेरून आलेल्यांना सामावून घेण्याची या भागाला सवय आहे. १९७२ साली गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला, तरी तिबेटी माणसं आजही त्या वसाहतीला ‘भंडारा’च म्हणतात. नव्या देशात आलेल्या माणसाला इथली हवा, इथलं पाणी, इथली माणसं हळूहळू कळतात. रस्ता मात्र पहिल्याच दिवशी परीक्षा घेतो.

पुढच्या संवादातली दोन माणसं या प्रश्नाच्या दोन बाजू मांडण्यासाठी मी उभी केली आहेत. त्यांना नावं दिलेली नाहीत, नातं पुरेसं आहे. पुतणी इंग्लंडात जन्मली, वाढली. घरी मराठी बोलत आली. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर ती वर्षभराच्या कामासाठी भंडाऱ्यात आली आहे. काका जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालेले. गुरांच्या मागे गावोगाव हिंडण्यात त्यांची सगळी नोकरी दुचाकीवर गेली.

पुतणी : काका, माझं जवळजवळ ठरलंय. रॉयल एनफिल्डची हंटर घ्यायची. साडेतीनशे सीसी.

काका : जवळजवळ म्हणजे थोडी जागा शिल्लक आहे. मग आधी सांग, जायचं कुठे?

पुतणी : तलावांवर. साकोली, लाखनी, लाखांदूर तालुक्यांतले माजी मालगुजारी तलाव. पाणवनस्पती, मासे, पक्षी यांच्या नोंदी करायच्या. कधी शिवनीबांध, कधी गावामागची एखादी बोडी. साकोलीपर्यंत हायवे आहे, तिथून आत.

काका : हायवे चाळीसेक किलोमीटर. तुझं काम सुरू होतं ते त्याच्यापुढे. आतले रस्ते पाहिलेस?

पुतणी : डिसेंबरात पाहिले. चांगले वाटले.

काका : डिसेंबरात चांगलेच असतात. जुलैत बघ. धानाची रोवणी सुरू झाली की ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील चढतात. एका बांधीतली चिखलणी संपली की ट्रॅक्टर तसाच डांबरी रस्त्यावर येतो आणि दुसऱ्या शेताकडे निघतो. चाकाच्या पट्ट्यांत अडकलेला चिखल रस्त्यावर गळत जातो. वीत-वीतभर लांबीची ढेकळं, एका ओळीत. दोन दिवस ऊन पडलं की ती कडक होतात. मग एक सर आली की वरचा थर तेवढा निसरडा होतो आणि आतला गाभा टणकच राहतो. पुढचं चाक त्याच्यावर चढलं आणि त्याच वेळी पुढचा ब्रेक दाबला, तर हँडल हातात राहत नाही. नोव्हेंबरात धान वाळायला टाकलेलं, म्हणजे अर्धाच रस्ता तुझा. नदीकाठच्या रस्त्यावर टिप्परमधून सांडलेली वाळू नेमकी वळणावर साचते. या तिन्ही गोष्टी नकाशात दिसत नाहीत.

पुतणी : म्हणूनच मला एबीएस हवंय. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं आहे. १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस दिलं तरी नियमात बसत आलंय. हंटरला एबीएस आहे, तुमच्या स्प्लेंडरला नाही.

काका : सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, तेच ना?

पुतणी : तेच. पण चाक जाम झालं तर सीबीएस काही करत नाही. एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग मोजत असतो. चाक अडकतंय असं दिसलं की यंत्र क्षणभर ब्रेक सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. चाक फिरतं राहिलं म्हणजे गाडीला दिशा राहते.

काका : यंत्र चांगलं आहे, वाद नाही. पण ओल्या चिखलावर पकडच नसते. एबीएस ती कुठून आणणार? तिथे हळू जाणं हाच ब्रेक.

पुतणी : अनुभवी माणूस हळू जाईल. मी नवखी आहे. समोर अचानक म्हैस आली तर माझी मूठ आवळणारच. ती चूक मी करणार हे मला आत्ताच माहीत आहे. तेवढ्यासाठी तरी यंत्र मदतीला हवं.

काका : हाव, हा मुद्दा पक्का. मी सोडून देतो. आता माझा मुद्दा ऐक. वजन. तुझी हंटर एकशे एक्क्याऐंशी किलो. स्प्लेंडर एकशे बाराच्या आसपास. सत्तर किलोचा फरक म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसलेला. पांदण रस्त्यावर गाडी आडवी झाली आणि आसपास कोणी नाही, तर काय करशील?

पुतणी : उचलेन. तिकडे शिकवतात ते. हँडल पूर्ण वळवून लॉकपर्यंत न्यायचं, गाडी गियरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं. एक हात हँडलला, दुसरा मागच्या कठड्याला. कंबर वाकवायची नाही, पायांनी जोर देत एकेक पाऊल मागे टाकायचं.

काका : पद्धत बरोबर आहे. पण ते शिकवलं पक्क्या जमिनीवर. इथे ज्या पायांनी जोर द्यायचा ते पायच चिखलात. हलकी गाडी घसरत घसरत का होईना, उभी होते. जड गाडी तिथेच राहते आणि तू पायी गावापर्यंत. गाडी उचलण्याचाच प्रश्न नाही. धुऱ्याच्या वाटेनं गेलीस, पुढे वाट संपली, तर तिथल्या तिथे गाडी फिरवावी लागते. उतारावर मागे ढकलावी लागते. पूर्ण थांबलेली गाडीच नवख्या माणसाला जास्त पाडते.

पुतणी : सीटची उंची मी पाहिली आहे. स्प्लेंडरची ७८५ मिलिमीटर, हंटरची ७९०. माझे पाय दोन्हींवर टेकतात.

काका : टेकतात हे पुरेसं नाही, टेकलेल्या पायावर वजन पेलता आलं पाहिजे. उद्या शोरूममध्ये बसून फक्त आरशात बघू नको. गाडी स्टँडवरून काढ, इंजिन बंद ठेव, आणि आवारात ढकलत इंग्रजी आठाचा आकडा काढ. मग मला सांग कोणती गाडी तुझी.

पुतणी : हे करीन. पण मोठ्या गाडीच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला पुरुष म्हणून जाणवणार नाही. लहान गाडीवर एकटी बाई दिसली की लोक खेटून पुढे काढतात. मोठी गाडी असली की जागा देतात.

काका : गावात देत असतील. हायवेवर नागपूर-रायपूरचा ट्रकवाला तुझी सीसी बघत नाही. तिथे तुला दुसरंच काही शिकावं लागेल. समोरच्यानं डिपर मारला तर तू काय समजशील?

पुतणी : इंग्लंडात बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘तुम्ही निघा, मी थांबतो’.

काका : इथे त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. हा एक फरक विसरलीस तर कोणतीही गाडी वाचवणार नाही. दोन्ही देशांत डावीकडूनच चालवायचं, म्हणून तुला वाटेल की सगळं ओळखीचं आहे. मला भीती त्याचीच वाटते. हॉर्नचंही तसंच. इथे हॉर्न म्हणजे राग नाही, ‘मी मागे आहे’ एवढंच. ट्रॅक्टरवाला इंडिकेटर देईलच असं नाही, हात बाहेर काढेल. बैलबंडी वळण्याआधी बैलाची मान वळते. हे सगळं वाचायला डोकं मोकळं पाहिजे. गाडी सांभाळण्यातच अर्धं लक्ष गेलं तर रस्ता वाचणार कोण?

पुतणी : मग तुमच्या मते स्प्लेंडरच?

काका : शंभर ते सव्वाशे सीसीतली कोणतीही साधी गाडी. स्प्लेंडर मी म्हणतो ती सवयीनं. १९९४ला आली, तेव्हापासून या भागात तिचे मिस्त्री गावोगाव तयार झाले. क्लच केबल तुटली, चेनसेट गेला, ब्रेक शू झिजले, तर लाखांदूरकडच्या कोणत्याही चौकात दुपारच्या आत काम होतं. मोठ्या गाडीचा एखादा पार्ट नागपूरहून मागवला की आठवडा गेला.

पुतणी : पण काका, ते जुनं झालं. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला. आता लहान गाड्यांनाही फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर बिघडला तर चौकातल्या मिस्त्रीकडे तरी काय उपाय?

काका : खरं आहे. पूर्वी स्क्रू फिरवून, प्लग घासून जे व्हायचं ते आता होत नाही. सेन्सर गेला तर सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. पण रोज बिघडतं काय? पंक्चर, केबल, चेन, ब्रेक, बॅटरी. ते सगळं आजही चौकातच होतं. आणि पेट्रोल. तुझी हंटर लिटरला पस्तीसेक जाईल, लहान गाडी पन्नास-साठ. रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटर धर आणि वर्षाचा हिशोब तूच कर.

पुतणी : स्कूटी का नको, हेही सांगा. काकू तेच म्हणत होत्या.

काका : भंडारा शहरात राहायचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण स्कूटीची चाकं लहान. मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात दहा-बारा इंची चाक उतरतं. तलावाच्या पाळीवर तर तिचा उपयोगच नाही.

पुतणी : ते पटलं.

काका : आता परवान्याचं सांग. तिकडचा आहे ना तुझ्याकडे?

पुतणी : कारचा पूर्ण परवाना आहे. मोटारसायकलचं एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण केलंय, सीबीटी म्हणतात. ते केलं की दोन वर्षं ‘एल’ची पाटी लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. स्वतःची गाडी मात्र कधी घेतली नाही. आणि आंतरराष्ट्रीय परवाना कारचाच मिळतो, कारण मूळ परवाना कारचा. म्हणजे इथे मला शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करावी लागेल.

काका : सव्वाशेपर्यंतच? मग तिकडे ही हंटर तुला पहिली गाडी म्हणून चालवता आली असती?

पुतणी : नाही. तिथे मर्यादा ११ किलोवॅटची आहे, हंटरचं इंजिन १५च्या आसपास. तिच्यासाठी ए-टू परवाना लागतो. वय किमान १९, लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष चालवण्याच्या दोन चाचण्या. तो परवाना ३५ किलोवॅटपर्यंत चालतो. त्याच्यावरच्या गाड्यांसाठी आणखी एक टप्पा. थेट तिथे जायचं तर वय २४ लागतं.

काका : म्हणजे मी दोन तास जे सांगतोय ते तुझ्या सरकारनं कायद्यातच लिहून ठेवलंय. आधी लहान, मग मधली, मग मोठी.

पुतणी : हो. आणि इथे तसं काहीच नाही. अठरा पूर्ण झाले आणि गियरच्या मोटारसायकलचा परवाना हातात आला की शंभर सीसी चालवा नाहीतर हजार सीसी, परवाना एकच. मला वाटलं होतं ही मोकळीक आहे, वापरून घ्यावी.

काका : मोकळीक आहेच. पण कायद्यानं पायरी बांधली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. ती आपली आपण बांधायची. आमचे पोट्टे काय करतात? अठराव्या वर्षी बापाकडे हट्ट धरून दोनशे सीसीची घेतात, परवाना नंतर काढतात. तू तर शिकलेली आहेस, तुला कळायला पाहिजे.

पुतणी : थांबा काका, आता माझी पाळी. तिकडची पायरी म्हणजे फक्त लहान गाडी नाही. त्या एका दिवसाच्या प्रशिक्षणात आधी डोळे तपासतात, दूरची नंबरप्लेट वाचायला लावतात. मग हेल्मेटची पट्टी कशी बसवायची ते. मग मोकळ्या मैदानात ब्रेक, वळणं, खांद्यावरून मागे बघणं. शेवटी शिक्षकासोबत रस्त्यावर किमान दोन तास. लहान गाडी हा त्यातला एक भाग. तुम्ही तेवढाच भाग उचलताय. तुमचं हेल्मेट कुठे असतं?

काका : गाडीलाच असतं.

पुतणी : आरशाला अडकवलेलं. नाका दिसला की डोक्यावर. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात काय आहे माहीत आहे? त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९. त्यांतले चौदा हजारांवर तर मागे बसलेले होते. या सगळ्यांना वेगाची नशा होती का? यांतले कितीतरी जण तुमच्यासारखेच असतील, जवळच्या गावी, साध्या गाडीवर, साध्या वेगानं निघालेले.

काका : खरं आहे, बेटा. आमच्या पिढीनं हेल्मेट पोलिसांसाठी घातलं, डोक्यासाठी नाही. उन्हाचं कारण सांगत आलो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, डोकं उकळतं. पण ते कारण इथे चालत नाही, कारण ऊन असतानाच जास्त फिरावं लागतं.

पुतणी : त्याला जाळीचं जॅकेट मिळतं, हवा खेळती राहते. कोपर, खांदा, पाठ इथे पॅड असतात. हातमोजे, घोटा झाकणारे बूट. चप्पल घालून गियर टाकायचे नाहीत. गाडीच्या किमतीतला थोडा भाग मी यासाठी आधी बाजूला काढून ठेवणार आहे. उरलेल्या पैशांत जी येईल ती गाडी.

काका : हेल्मेट तिकडून आणलंयस ना?

पुतणी : आणलंय, पण त्यावर युरोपचा शिक्का आहे, आयएसआय नाही. आपल्याकडे आयएस ४१५१चा शिक्का नसलेलं हेल्मेट कायद्याला चालत नाही. दोन्ही शिक्के असलेली मिळतात, तसलं घेईन. आणि दोन घेईन. काकू मागे बसणार असतील तर त्यांनाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे.

काका : काकू बसणार असेल तर साडी गार्ड आणि तिच्या बाजूचं पायदानही बघून घे. ते दोन्ही नियमातच आहेत. पण शिकाऊ परवाना आहे तोवर तिला बसवू नको. त्या काळात मागे बसायचं ते फक्त शिकवणाऱ्यानं, आणि त्याच्याकडे परवाना पाहिजे.

पुतणी : ते तुम्ही. महिना झाला की चाचणी देता येते, तोवर रोज सकाळी तासभर मैदानात नेणार ना?

काका : नेईन. आता पैशाचं बोलू. मी म्हणत होतो जुनी घे. वर्षभराचं तर काम. माझ्या नावावर घेऊ, तुझी कागदपत्रांची दगदग वाचेल.

पुतणी : जुनीचा विचार करू, पण तुमच्या नावावर नको. मालकाचा अपघात विमा पंधरा लाखांचा असतो, तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच लागू होतो. चालवणार मी, नाव तुमचं, तर तो विमा माझ्या कामाचा नाही. ओसीआय माणसाला इथे शेती घेता येत नाही, पण गाडी स्वतःच्या नावावर घेता येते. पत्त्याचा पुरावा जमवावा लागेल, तो जमवू.

काका : हे मला सुचलं नव्हतं. मग तुझ्याच नावावर. जुनी बघायची असेल तर एक सांगून ठेवतो. विकणारा म्हणेल, ‘आत्ताच चालू करून ठेवली, बघा कशी एका किकला लागते.’ तशी बघायची नाही. आपण पोचल्याबरोबर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा प्यायचा, थंड होऊ द्यायची, मग आपल्या हातानं चालू करायची. थंड इंजिन खरं बोलतं. धूर बघायचा. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का ते बोट फिरवून बघायचं. हँडल मोकळं सोडून बघायचं, एका बाजूला ओढतंय का. मग फुटरेस्टचं टोक आणि लिव्हरचं टोक बघायचं, घासलेलं असेल तर गाडी पडलेली आहे. मागचं चाक हातानं डावी-उजवीकडे हलवून बघायचं. आणि शेवटी मानेजवळचा चेसिस नंबर. आरसी बुकशी एकेक आकडा जुळवायचा.

पुतणी : कर्ज शिल्लक आहे का, हेही आरसीवर असतं ना?

काका : असतं. फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फॉर्म २९ आणि ३०वर सही झाल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी घेणारे पुष्कळ आहेत, उद्या अपघात झाला की खरा मालक कोण हे कोर्टात ठरतं.

पुतणी : एवढं सगळं पाहिल्यावर मला नवीनच घ्यावीशी वाटते. जुन्या लहान गाड्यांत एबीएस मिळणं अवघड, आणि ते मी सोडणार नाही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच काढावा लागतो, तो गाडीसोबतच जातो. वर्षानं विकली तरी घेणाऱ्याला त्याचा उपयोग. सप्टेंबर २०२५पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटीही २८वरून १८ टक्क्यांवर आलाय.

काका : मग हलकीही पाहिजे आणि एबीएसही पाहिजे. मिळते अशी?

पुतणी : मिळते. हिरोची एक्सट्रीम १२५ आर २०२४ला आली, तिच्यात पुढच्या चाकाला एबीएसचा पर्याय आहे. वजन १३६ किलोच्या आसपास. तुमच्या स्प्लेंडरपेक्षा पंचवीसेक किलो जास्त, हंटरपेक्षा पंचेचाळीस कमी. मागचं चाक जाम झालं तर गाडी शेपटाकडून सरकते, सावरता येते. पुढचं जाम झालं तर तुम्ही म्हणालात तसं हँडल हातात राहत नाही. म्हणून पुढच्या चाकाला असलं तरी माझं काम होतं.

काका : आणि हिरोची म्हणजे सर्व्हिस सेंटर जवळच. पण मी म्हटलं तसं ढकलून बघ, मगच पैसे दे. हंटरचं काय?

पुतणी : एक पावसाळा आणि एक धानकापणी या गाडीवर काढते. काम वाढलं, इथेच राहायचं ठरलं, तर पुढची पायरी हंटर. १९५५पासून मद्रासमध्ये गाड्या बनवते ती कंपनी. इंग्लंडातला तिचा कारखाना बंद पडला, इथला चालू राहिला. ती कुठे जात नाही.

काका : दोन नियम माझे. दिवस मावळायच्या आत घर. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते, रानडुक्कर आणि रोही आडवे येतात. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी अलीकडेच लावायची. घोट्याएवढं दिसलं तरी नाही. ऑगस्ट २०२०च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा बरंचसं पाणी वरून मध्य प्रदेशातल्या धरणातून आलं. आभाळ बघून पाण्याचा अंदाज येत नाही.

पुतणी : दोन्ही मान्य. माझा एकच नियम. हेल्मेट आरशाला नाही.

काका : मान्य. शेजारच्या पोराला मात्र तू समजाव. तो जर्मनीला जायचं म्हणतोय. २०२४ला महाराष्ट्रानं तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला ना, कुशल कामगारांचा, त्यातून. इथे चार वर्षं बाइक चालवली, तिथेही चालवीन म्हणतो.

पुतणी : त्याला सांगते की आपला परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. त्यात उजव्या बाजूनं चालवायचं. नव्या देशात तोही नवखाच. चार वर्षं चालवल्याचा अनुभव हाताला असतो, रस्त्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

इथे दोघांचं एकमत झालं, पण मला त्यापुढे एक गोष्ट मांडायची आहे. काकांकडे रस्त्याचं ज्ञान होतं, पुतणीकडे शिकण्याची शिस्त होती. दोन्ही एका घरात भेटलं म्हणून निर्णय चांगला झाला. ज्याच्या घरी असे काका नाहीत त्याचं काय? कामासाठी दुसऱ्या देशातून किंवा दुसऱ्या राज्यातून इथे आलेला, लग्न होऊन गावात आलेली, अठरावं लागलेला, हे सगळेच या रस्त्याला नवखे. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रामुख्याने कार शिकवली जाते. मोटारसायकल भावाकडून, मित्राकडून, शाळेच्या मैदानात शिकायची, हीच रीत आहे. गियर आणि क्लच त्यातून येतात. अचानक ब्रेक कसा लावायचा, चिखलावरून कसं जायचं, पडलेली गाडी कशी उचलायची, हे कोणी शिकवत नाही.

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मैदान आहे, परिवहन कार्यालय परवाने देतं, शोरूमवाले गाड्या विकतात, आणि आयुष्यभर गावोगाव दुचाकीवर फिरलेली निवृत्त माणसं पुष्कळ आहेत. या तिघांनी मिळून त्या मैदानावर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन तास शिकवणं अवघड नाही. गाडीची किल्ली देण्याआधी शोरूमनं गिऱ्हाइकाला आवारात गाडी ढकलायला लावणं तर त्याहून सोपं. कायदा पायऱ्या बांधेल तेव्हा बांधेल. तोवर पहिली गाडी घेणाऱ्यानं क्रम एवढाच ठेवावा: आधी ज्या रस्त्यानं रोज जायचं तो पावसाळ्यात कसा असतो ते विचारावं, मग परवाना काढावा, मग हेल्मेट आणि बूट घ्यावेत, आणि गाडी सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर कोणती गाडी घ्यायची हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं, आणि ती बहुतेक वेळा मनात होती त्याहून लहान निघते.